गाळा क्रमांक तीनचा दाखला

१७ नोव्हेंबर २०२५, सोमवार

नवी नोकरी, नवी वही. आई म्हणाली होती, भिवंडीत नुसता धूर नि ट्रक. ट्रक आहेत, खोटं कशाला बोलू. धामणकर नाक्यावरून दापोड्याला यायला शेअर रिक्षात पाऊण तास गेला आणि शेजारच्या बाईचं कापडाचं गठुडं सगळा वेळ माझ्या मांडीवर होतं. पण मी खूश आहे. बीएस्सी ॲग्री होऊन दोन वर्षं चाळीसगावात खताच्या दुकानात बिलं फाडली, आता मी गोदाम व्यवस्थापक आहे. केबिनच्या दारावर पाटीसुद्धा आहे. घरी मला मनी म्हणतात, इथे सगळे मृणाली मॅडम म्हणतात, आणि दर वेळी मला मागे वळून बघावंसं वाटतं की कोण आलं.

मालक बाळाराम शेठ दापोड्याचेच. आजोबांची भातशेती होती तिथे आता चार गाळे उभे आहेत. आजूबाजूच्या गोदामांत फ्रिज, मोबाइल, बूट. आमच्याकडे फक्त धान्य. शेतकरी नि व्यापारी माल ठेवतात, आम्ही पावती देतो, त्या पावतीवर बँक कर्ज देते. शेठ म्हणाले, मॅडम, आपली पावती म्हणजे नोट, आणि ती चालते परवान्यावर. परवाना ३१ डिसेंबरला संपतो. त्याचं नूतनीकरण हे माझं पहिलं काम.

खोली नारपोलीत, हबीबाआपांच्या घराच्या माळ्यावर. खाली लूम दिवसभर खडखडत असतात. आपांनी पहिल्याच दिवशी तांदळाच्या भाकऱ्या नि सुकटीची चटणी वर पाठवली. मी खाल्ली. आईला सांगणार नाही.

१९ नोव्हेंबर, बुधवार

परवाना शुल्क वेगळं, तपासणी शुल्क वेगळं, आणि तेही गाळ्यागणिक. पोर्टलवर चलन भरायचं. पैसे जमा दिसले की तारीख मिळते, तारीख मिळाली की खात्याचे निरीक्षक साहेब येतात. चलनाशिवाय साहेब फाटकातूनही आत येत नाहीत. देवळातही एवढी शिस्त नसते.

तीन नंबरच्या गाळ्यात तुरीला भुंगे लागलेत, तर तपासणीआधी धुरी द्यावी लागणार. पोत्यांच्या थप्प्यांवर ताडपत्री टाकायची, खाली औषधाच्या गोळ्या, कडेनं वाळूच्या लांब पिशव्या, मग शटर बंद. गोळ्यांचा वायू माणसालाही मारतो, त्यामुळे सात दिवस कोणी फिरकायचं नाही. शटरला दोन कुलपं, एक आमचं, एक खात्याचं, त्यावर लाखेचं सील. मधेच सील तुटलं तर परवाना निलंबित, चारही गाळ्यांचं शुल्क पुन्हा, आणि बँकेतल्या सगळ्या पावत्या अडकल्या.

बंद करण्याआधी एक छापील दाखला असतो. ‘गाळ्यात कोणीही व्यक्ती नाही याची मी खात्री केली आहे.’ खाली व्यवस्थापकाची सही. माझी सही दुकानातल्या बिलांवर खरडून खरडून बिघडलीय. कोऱ्या कागदावर तीनदा करून पाहिली.

२२ नोव्हेंबर, शनिवार

आज मुकादम लडकूकडून एक गंमत शिकले. हमाल धान्यावर चप्पल घालून चढत नाहीत. अन्न आहे, पाय कसा द्यायचा. म्हणून शटरबाहेर चपलांची रांग असते. संध्याकाळी बंद करताना लडकू माणसं मोजत नाही. माणसं मोजली की कमी होतात, असं त्याची आजी म्हणायची. तो चपला बघतो. चपला संपल्या, माणसं संपली. मला हे फार आवडलं. कॉलेजात आम्हाला गोदाम सुरक्षेचा अख्खा धडा होता, त्यात हे नव्हतं.

हमाल बहुतेक मागच्या टेकडीकडच्या पाड्यांवरचे. वाघ्या म्हणून एक आहे, काटकुळा, पण पोतं असं उचलतो की बघत राहावं. त्याची बायको कमळी दुपारी डबा घेऊन येते, कडेवर पाच वर्षांची रोशनी. रोशनी माझ्या केबिनमध्ये येऊन स्टॅम्पपॅडमध्ये बोटं बुडवते. तिचे ठसे आवक नोंदीच्या पानावर उमटलेत. रागावणार होते, राहिलं.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

तीन नंबर बंद झाला. लडकू पुतण्याच्या हळदीला गेला होता, तेव्हा सगळं मीच बघितलं. गोळ्या ठेवणारी माणसं तोंडाला मास्क लावून बाहेर आली. मी शटरबाहेर पाहिलं, एकही चप्पल नाही. दाखल्यावर सही केली. निरीक्षक साहेबांनी कुलूप लावलं, लाख ओतली, शिक्का मारला. म्हणाले, नवीन असून काम चोख आहे. शेठनी सर्वांना चहा पाजला.

मला आज फार बरं वाटतंय.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

दुपारी एक ते दोन जेवणाची सुट्टी. ट्रक थांबतात, सगळं शांत होतं. तेव्हा तीन नंबरच्या शटरवर आतून आवाज आला. ठक ठक. थांबून पुन्हा. शेठ म्हणाले, घुशी असतील. मी म्हटलं, धुरीत घुशी जगतील का. म्हणाले, मग मरत असतील, तुम्ही जेवा.

चार वाजता कमळी आली. वाघ्या काल घरी आला नाही. ती म्हणाली, कधी कुठं राहत न्हाय तो, पोरीबिगर झोपत न्हाय. मी लडकूला बोलावलं. तो म्हणाला, काल बंद करताना वाघ्याला हाक मारली होती ना? मी विचारलं, हाक कशाला?

म्हणाला, वाघ्या चप्पल घालत नाही. लहानपणापासून कधीच नाही. त्याला मी दर वेळी वेगळी हाक मारतो. तुम्हाला सांगायचं राहिलं.

दोन दिवस त्याच्या अंगात ताप होता म्हणे. जेवल्यावर मागच्या थप्पीआड गारव्याला पडायचा.

कमळीला मी सांगितलं, चौकशी करते. माझा आवाज अगदी नेहमीसारखा निघाला.

२९ नोव्हेंबर, शनिवार

शेठना म्हटलं, कुलूप तोडू. त्यांनी खुर्ची ओढून मला बसवलं. म्हणाले, आत वायू आहे, उघडणाराही मरेल. सील तुटलं तर परवाना गेला, चारशे शेतकऱ्यांच्या पावत्या गेल्या. आणि मॅडम, दाखल्यावर सही तुमची आहे, माझी न्हाय. वर म्हणाले, आत असेलच कशावरून, दारू पिऊन पडला असेल कुठं. वाघ्या पीत नाही.

विशेष तपासणीचंही शुल्क असतं. ते भरलं. पोर्टलवर ‘प्रलंबित’ दिसतंय. साहेब फोनवर म्हणाले, जमा दिसल्याशिवाय मला तारीख घेता येत नाही, गुरुवारी येणारच आहे.

मी पोलिसांत गेले नाही. का ते लिहून ठेवते. मला माझ्या नावाची भीती वाटली. बाकी काही कारण नाही. पहार केबिनच्या भिंतीला टेकून उभी आहे. मी दिवसभर तिच्याकडे बघत बसले.

एक वाजता ठक ठक.

३० नोव्हेंबर, रविवार

सुट्टी होती तरी आले. एक वाजता सुरू झालं. मी शटरला हात लावला. थंड होतं.

मी हळू आवाजात म्हटलं, गुरुवारी उघडणार आहेत. खिडकीवर आलेल्या माणसाला सांगावं तसं म्हटलं.

ठोकणं थांबलं.

घरी येऊन जेवले. चव लागली नाही पण जेवले.

१ डिसेंबर, सोमवार

वाघ्या घरी आला.

कमळी सकाळीच सांगायला आली, हसत होती. काल दुपारी आला, जेवणवेळेला. कुठं होता ते सांगत न्हाय, पण आला. पाड्यावरच्या सगळ्यांनी पाहिलं. मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडले. शेठनी पेढे आणले आणि मला म्हणाले, बघा, उगाच जीव खाल्लात माझा.

आज एक वाजता काही वाजलं नाही. पगार झाला की वाघ्याला चप्पल घेऊन देईन. घालायला लावीन.

२ डिसेंबर, मंगळवार

एक वाजता ठक ठक.

लडकूनंही ऐकलं. तो डबा उचलून रस्त्यापलीकडे जेवायला गेला.

कमळी आली होती. तो खात नाही, पाणी पीत नाही, दाराला पाठ लावून बसतो. अंगाला सडक्या लसणीसारखा वास येतो. रोशनी जवळ जात नाही. कमळी म्हणाली, ताप डोक्यात गेला असंल. मी क्रोसिनची पट्टी दिली.

लसणीचा वास गोळ्यांचा असतो. हे मला माहीत आहे. तिला माहीत नाही.

४ डिसेंबर, गुरुवार

साहेबांनी सील तोडलं. दोन तास हवा खेळू दिली. मग मी, शेठ आणि साहेब आत गेलो.

वाघ्या शटरच्या आतल्या बाजूला होता. बसलेला. हाताची बोटं —

बोटांचं लिहीत नाही.

साहेब म्हणाले, एवढ्या औषधात तासाभराच्या वर माणूस टिकत नाही. म्हणजे पहिल्याच संध्याकाळी. म्हणजे शुक्रवारी वाजत होतं तेव्हा तो आधीच मेलेला. मी पहार उचलली असती तरी काही झालं नसतं. हे ऐकून मला बरं वाटायला हवं होतं.

शेठनी पुढे होऊन त्याचं तोंड पाहिलं. मग म्हणाले, वाघ्या तर घरी आहे. बायको सांगते, अख्खा पाडा सांगतो. मग हा कोण? हा कोणीच न्हाय.

साहेबांनी थप्पीवरचं एक पोतं हलवून पाहिलं. म्हणाले, तुरीत जिवंत किडे दिसतात, दुसरी धुरी द्यावी लागेल. शुल्क लागेल. शेठनी तिथेच मोबाइलवर भरलं. या वेळी लगेच जमा दिसलं.

ताडपत्री. वाळूच्या पिशव्या. नवा दाखला. ‘गाळ्यात कोणीही व्यक्ती नाही.’

सही केली. चांगली आली.

५ डिसेंबर, शुक्रवार

कमळी त्याला घेऊन आली. सकाळी दहा वाजता, उन्हात.

वाघ्यासारखाच आहे. तसाच काटकुळा. पाय अनवाणी. पायाला धूळ लागलेली नाही, पाड्यापासून इथपर्यंत कच्चा रस्ता आहे तरी. लडकू त्याला बघून फाटकाबाहेर गेला तो परत आलाच नाही.

कमळी मला बाजूला घेऊन म्हणाली, ताई, पाड्यावर सगळी म्हणतात तुझाच हाय. मला कळत न्हाय. मी हात लावला तर गार. तू शिकलेली हायस, तू त्याला रोज बघायचीस. ह्यो माझाच हाय का? न्हाय म्हन, मी पोरीला घेऊन आताच माहेरी जाते.

तिनं माहेरी जायची पिशवी आणली होती. खांद्याला होती.

नाही म्हटलं असतं तर तिनं विचारलं असतं, मग माझा कुठाय.

मी हो म्हटलं.

ती बरं म्हणाली. रोशनीचा हात धरून त्याच्या मागोमाग गेली. रोशनी वळून वळून माझ्याकडे बघत होती.

६ डिसेंबर, शनिवार

लडकूनं काम सोडलं. फोनवर एवढंच म्हणाला, मॅडम, तुम्ही पण जा.

एक वाजता काही वाजलं नाही. कमळी डबा घेऊन आली नाही. कोणाचा आणणार.

८ डिसेंबर, सोमवार

हबीबाआपांना सगळं सांगितलं. कोणाला तरी सांगायलाच हवं होतं. त्या ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, बेटा, मेलेल्याचं सोड, ती बाई नि पोरगी अजून जिवंत हायेत ना? आज जा.

गेले. पाड्यावर दार आतून लावलेलं. दुपारी. हाका मारल्या. शेजारीण म्हणाली, परवापासून बाहेर न्हाय आली. आत असतील, तिघंही.

लसणीचा वास दाराबाहेर येत होता.

मी दार वाजवलं. आतून कोणीतरी वाजवलं. तेवढंच. मी परत आले. परत आले म्हणजे पळाले. शेजारणीला पण काही सांगितलं नाही.

९ डिसेंबर, मंगळवार

पोलिसांसाठी कागद लिहिला. सगळं. सही माझी. शेठना फोन करून सांगितलं, ते ओरडत होते, मी ठेवला. आधी कमळीला सांगणार, मग चौकीत. तो तुझा नाही, मी खोटं बोलले, पोरीला घे आणि निघ — एवढंच वाक्य. पाठ केलंय.

पावणेएक. केबिनमध्ये आहे. रिक्षा सांगितलीय.

फाटकातून येतायत. तिघं. कमळी चालत येतेय, म्हणजे आहे, आहे ती. देवा. वेळ आहे अजून.

खिडकीतून हाक मारली. कमळी, ऐक. तिनं पाहिलं नाही. रोशनीला हाक मारली, शाई देते म्हटलं. तिनंही नाही.

कच्च्या रस्त्यानं आलेत आणि पाय —

वाक्य म्हटलं. मोठ्यानं म्हटलं. तो तुझा नाही, कमळी. दोनदा म्हटलं.

ती काही विचारत नाही. इतके दिवस विचारत होती, आज काहीच विचारत नाही. तीन नंबरकडे तोंड करून उभे आहेत, तो मधे, या दोघी दोन बाजूंना. वास इथपर्यंत येतोय.

एक वाजला. तीन नंबरच्या आतून ठक ठक —

रोशनी शटरवर ठोकायला हात उचलतेय, ती पण आता —