आप्पाला आत बोलावलं होतं

माय, लातूर जिल्हा होऊन फार दिवस झाले नव्हते, आणि आपल्या हदगावकडच्या विहिरी आटल्या म्हणून आपण मेंढरं हाकत लातूरच्या अंगाला आलो होतो. रोज नव्या रानात जाळी लावायची, खतासाठी मेंढरं बसवायची, शेतकरी देईल ती ज्वारी घ्यायची. त्या उन्हाळ्यात मेंढ्या गाभ टाकू लागल्या तेव्हा आप्पानं नर कळपातून काढून वेगळा बांधला. "नुस्त्या मेंढ्यांना औषिद पाजून काय व्हतंय? खोट नरात हाय," तो म्हणाला. तू भाकरी थापत होतीस. "मेंढरांचं लई कळतं तुमाला," एवढंच बोललीस. तुझी दोन लेकरं पोटातच गेली होती. अंगावर चट्टे उठले होते, बायका त्याला गरमी म्हणायच्या. मेंढरांच्या खरजेला लावायचं करंजीचं तेल तू स्वतःला लावायचीस, मला पाठ फिरवून बसायला सांगून.

अजून दिसतं मला. दवाखान्यात तू पदर दातात धरून बसली आहेस. डॉक्टरीण बाई सुई देतात आणि विचारतात, "मालक कुठायत?"

"भाईर हायती."

"बोलवा. त्यांनाही सुई द्यावी लागेल. नाहीतर तुम्हाला पुन्हा होईल."

तू माझ्याकडं बघतेस. "जा गं, तूच सांग. माझ्या तोंडातून निघायचं न्हाई."

मी बाहेर जाते. आप्पा लिंबाखाली बसलाय, काठी मांडीवर. "काय म्हनली डाक्टरीण?"

"अशक्तपना हाय म्हनली."

"हात्तिच्या! मग शेळीचं दूध पाजू की."

आत येऊन मी सांगते, आप्पा मेंढरांकडं गेला.

थोड्या वेळानं आपण बाहेर आलो तर तो तिथंच बसलेला. तू त्याला पाहिलंस, मग मला. मला वाटलं, आता कानाखाली बसणार. तू फक्त "चला" म्हणालीस. तू तरी मागं का फिरली नाहीस, माय? दार दहा पावलांवर होतं.

दिवाळीच्या आधी, परतीच्या वाटेवर, मुदखेडच्या अलीकडं, तुला पुन्हा मेलेलं लेकरू झालं आणि रक्त थांबलं नाही. त्या दुखण्यानंच गेलीस का, हे आता कोणीच सांगू शकत नाही. पण दवाखान्यात कुणी कुणाला "नवऱ्यालाही घेऊन या" म्हणालं की अजून मी उठून बाहेर निघते.

हे कुणाला दाखवायचं नाहीच, तरी मघापासून दोनदा 'आप्पा तुला मारेल म्हणून' असं लिहिलं आणि खोडलं. चुलत्यानं आदल्या साली चुलतीला याच दुखण्यापायी माहेरी नेऊन टाकलं होतं आणि पोर कळपामागं ठेवून घेतली होती. ती पोर कुणाच्याही पालात निजायची, कुणीही तिला हाकलायचं. मला तिच्यासारखं व्हायचं नव्हतं. लिंबाखाली उभी असताना तुझा विचार माझ्या मनात आलाच नाही.