भरलेला पाय, रिकामा पाय

बाबा, इथे अकोल्यात आता मीच दांडपट्टा शिकवतो. नव्या गड्यांच्या हातात लवकर पट्टा देत नाही, नुसता पवित्रा घेऊन उभं राहायला लावतो, तेव्हा ते कुरकुरतात. अमरावतीच्या आखाड्यात मीही कुरकुरायचो. तुम्ही मागून येऊन खांद्यावर तळहात टेकवायचात आणि म्हणायचात, "सारा भार मागच्या पायावर घे. पुढचा रिकामा ठेव. आधी जमीन चाचप, मंग भार देजो." गुडघा जरा झुकला की पाठीत चापट बसायची.

मग दूर कुठे तरी, समुद्रापलीकडे लढाई पेटली आणि आपल्या वऱ्हाडच्या कापसाला कधी नव्हे एवढी मागणी आली. एकेक करून सगळे गडी बाजारात कापसाच्या गाठी उचलायला गेले. मीही गेलो. तुम्ही अडवलं नाही. "जा, पन पाठीनं उचलू नको, पायानं उचलजो," एवढंच म्हणालात. आखाड्याच्या मातीत गवत उगवलं, तरी तुम्ही रोज सकाळी एकटेच तिथे पवित्रा घेत होतात.

त्याच हिवाळ्यात अंगावरून वारं जाऊन तुमची डावी बाजू लुळी पडली. आईचा निरोप येतो, मी बाजारातून धावत घरी पोचतो, तर तुम्ही भिंतीकडे तोंड करून पडलेले. कोणाशी बोलणं नाही, धड जेवण नाही. काही दिवस मी नुसता शेजारी बसून राहिलो. मग एका सकाळी काखेत हात घालून तुम्हाला उभं केलं. केवढे जड होतात! मी म्हणालो, "बाबा, उजवा पाय भरा. डावा रिकामा ठेवा."

तुम्ही माझ्याकडे रोखून पाहिलंत. जड जिभेनं विचारलंत, "तू मले शिकवून राहिला?"

"तुमचंच तुमाले सांगून राहिलो."

 तुमचा उजवा गुडघा हळूच ताठ झाला, आणि माझ्या खांद्यावरचं ओझं थोडं उतरलं. पुढे डाव्या पायावर भार देताना तुम्ही पडलात, पुन्हा पडलात. आई माझ्यावर ओरडली, "माणसाले मारतं का आता?" तर तुम्हीच तिला म्हणालात, "पडू दे. उठवते ना तो."

उन्हाळ्यात तुम्ही काठी टेकत आखाड्यापर्यंत आलात. मला उभं केलंत आणि काठीनं माझ्या टाचेला टोचलंत. "उचलली टाच. कापसानं बिघडवलं तुले." मग हसलात, तोंडाच्या एकाच बाजूनं. त्यानंतर तुम्ही हयात होतात तोवर मी बाजाराकडे फिरकलो नाही.

हे लिहिलेलं कुठे धाडणार, पेटीतच राहील. पोरानं बापाला उभं केलं, असं लोक अजून म्हणतात आणि मी ऐकून घेतो. पण बाबा, त्या सकाळी तुम्ही उभे राहाल असं मला वाटलंच नव्हतं. तुम्हाला तसं पडलेलं मला पाहवत नव्हतं, म्हणून उचललं.