बारा सिलिंडरचा क्रम

दुबई, २ ऑक्टोबर १९९९

ती. अण्णांना गिरिजाचा नमस्कार.

आधी घडलं ते लिहिते.

१. गुरुवारी वर्कशॉपला १९९४ची एक इटालियन गाडी आली.
२. तिची सुधारलेली आवृत्ती गेल्या वर्षी निघाली. त्यात नाक बदललं, बारा सिलिंडर पेटण्याचा क्रमही बदलला.
३. मी नव्या गाडीचा तक्ता बघून बाबाजीकाकांना जुनीच्या वायरी जोडायला सांगितल्या.
४. काका म्हणाले, “पोरी, जुनीचा क्रम निराळा असतो.” मी म्हणाले, “इंजिनिअर कोण आहे?”
५. इंजिनानं बार काढले, सायलेन्सर फुटला.
६. मॅनेजरनं विचारलं, “किसने जोडा?” काकांनी हात वर केला. मी गप्प राहिले.

काकांना नोकरीवरून काढलंय. त्यांचं सोळा तारखेचं परतीचं तिकीट आहे.

काल सोनापूरला त्यांच्या कामगार कॅम्पच्या फाटकाशी गेले. मॅनेजरला खरं सांगते म्हणाले. ते हसले. “खलास झालं ते. तुझी नोकरी नवी आहे, ती टिकव. तोंड उघडलंस तर तुला अण्णांची शपथ!”

मी शपथा मानत नाही. तरी तुमचं नाव आल्यावर माझं तोंड उघडेना. आणि मनातून बरंही वाटलं. त्याचीच लाज वाटते.

मी वेळेवर जेवते. आईचा गुडघा कसा आहे? कावेरीकाकूंना काकांनी काय कळवलंय?

फोनवर हे बोलता आलं नसतं. चौदा तारखेपर्यंत ‘शपथ सुटली’ एवढंच लिहून फॅक्स करा. नंबर मागे लिहिला आहे.

तुमची,
गिरिजा