दारातले बूट

दादा,

पत्ता न सांगता गेलास, म्हणून हे पत्र तुझ्याच उशीखाली ठेवतेय.

आज घरपट्टीवाले साहेब तपासणीला आले होते. माजी सैनिक स्वतः घरात राहत असेल तरच माफी, म्हणे. मी दारातले तुझे बूट दाखवून ठोकून दिलं, "बाजारात गेलाय, जेवायला येईलच."

"मग थांबतो," म्हणाले आणि बसलेच! शेवटी तुझं ताट त्यांना वाढलं.

निघताना बुटांशी थबकले. "बाई, फौजी माणसाच्या बुटांवर एवढी धूळ?"

मी पदराने पुसायला वाकले, तर तेच म्हणाले,

"यंदा माफी चालू ठेवतो. पुढच्या वर्षी भेटतील ना?"

घराची छावणी करू नकोस, एवढंच म्हटलं होतं रे. घर सोड असं नव्हे. बूट लख्ख पुसून ठेवलेत. पाय तेवढे तुझेच लागतील.

तुझी तोंडाळ बहीण