सड्यावरची खूण

रत्नागिरी,
ऑक्टोबरचा पहिला आठवडा

प्रिय दर्शन,

हाताने लिहिलेलं पत्र बघून दचकू नकोस, इकडे कोणी गेलेलं नाही. तुझे आप्पा ठणठणीत आहेत. परवा मी तुमच्याकडे गेले तेव्हा दारासमोरच्या खळ्यात खुर्ची टाकून, माडावर चढलेल्या माणसाला नारळ कसे पाडायचे ते खालून शिकवत होते. अक्षयाही बरी आहे, नवरा बोटीवर असूनही. सखारामचा स्वरूप तुझ्याच जहाजावर चढायला मुंद्र्याला निघालाय. आपल्या स्काउट-गाईड पथकात असताना ज्याला दोरीच्या शिडीवर दोन पायऱ्या चढल्या की चक्कर यायची, तोच. त्याच्या बॅगेत हे कोंबतेय, कारण फोनवर लिहिलं तर तू अंगठा पाठवशील. मे महिन्यापासून तू मला अंगठेच पाठवतोयस. गाठींच्या स्पर्धेत पोरं जिल्ह्यात दुसरी आली, अंगठा. माझी सासू मोरीत पडली, अंगठा. जहाजावरचा बोसन, खलाशांचा मुकादम, आहेस की सही न येणारा खातेदार, तेच कळेनासं झालंय.

दुकानात बसून लिहितेय, म्हणजे मध्ये मध्ये तुटणार. स्टँडसमोर झेरॉक्सचं दुकान असलं की माणसाला सलग विचार करायची मुभा नसते. तशी मी हल्ली सलग बसतच नाही. उठते, मशीनचं झाकण उघडते, आत काही नाही हे बघून बंद करते. गळ्यात शिटी नसतानाही हात तिकडे जातो. नितेश नवऱ्याच्या हक्काने म्हणाला, एकदा डॉक्टरांना दाखव. मी म्हटलं, डॉक्टरांचा मुलगा आपल्या पथकात आहे, ते मलाच विचारतील की शिबिराचं काय झालं.

पथकाचं काय चाललंय ते आधी सांगते. पालक अतिशय उत्साही आहेत. मुलांना स्वावलंबी करा म्हणतात आणि वळकटी बांधून द्यायला आई मैदानात उभी असते. मोबाईल आणायचा नाही असं सांगितलं, तर एकीने लेकाला फोन लागणारं घड्याळ घालून पाठवलं. मी बघितलं तेव्हा म्हणाली, तुम्ही घड्याळाला कुठे नाही म्हणालात. शुभंकरच्या बाबांना पथकातलं एकच कळतं, की पुरस्काराचे मार्क दहावीत धरतात की नाही. शुभंकरला मात्र आग पेटवता येते, भात शिजवता येतो आणि बापासमोर गप्प बसता येतं, म्हणजे त्याचं शिक्षण पूर्ण झालंय. आणि तो आपला नियम, मुलांना बाहेर न्यायचं तर दोन मोठी माणसं हवीत. नियम चांगला आहे याबद्दल कोणाचंच दुमत नाही. दुसरं माणूस कोण, असं विचारलं की मात्र सगळ्यांना एकदम आंब्याची फवारणी आठवते. पावसाळ्यातसुद्धा.

म्हणून सप्टेंबरच्या सहलीला मी नितेशला नेलं. त्याचा गुडघा तुला माहीत आहे. टेम्पोतून उतरला आणि पहिली सावली मिळाली तिथे मोठं माणूस म्हणून बसला. सहल कुठे, तर तुमच्या वाडीच्या वरच्या सड्यावर, त्या उघड्या कातळ-माळावर, तू नेहमी नेतोस तिथेच. कातळावर फुलं आलेली, वारा असा की टोप्या धरून चालावं लागत होतं. खेळ ठेवला वाट शोधण्याचा. तूच शिकवलेलं तुलाच सांगते, पण सांगितल्याशिवाय पुढचं लागणार नाही. शुभंकरच्या संघाने पुढे जाऊन दगडांच्या खुणा मांडायच्या आणि सानवीच्या जास्वंद संघातल्या सहा पोरींनी त्या वाचत मागून यायचं. दगडावर दगड म्हणजे ही वाट बरोबर. दगडांची फुली म्हणजे इकडून जाऊ नका. आणि शेवटी दगडांचं वर्तुळ, त्याच्या मधोमध एक दगड. म्हणजे, मी घरी गेलो.

पोरं शेवटच्या वर्तुळाशी पोचली आणि लपून बसली. पोरी आल्याच नाहीत.

थांब, एक जण जातीचा दाखला घेऊन आलाय.

गेला. तर मी आधी शिटी वाजवली. मग सगळ्या पोरांना नितेशपाशी बसवून पुन्हा वाजवली. सड्यावर फोनला रेंज नाही हे तुला सांगायला नको, तुझ्याशी भांडताना किती वेळा कट झालाय. मग मी धावले. माझ्या वयाची बाई गणवेशात धावताना कशी दिसते यावर कोणाला हसायचं असेल तर त्याने त्या दिवशी तिथे यायला हवं होतं. सड्याच्या टोकाला ती जुनी चिरेखाण आहे ना, पावसाच्या पाण्याने काठोकाठ भरलेली. मी काठावर पालथी पडून आत बघितलं. हिरवं पाणी, वर एक स्कार्फ तरंगत होता. स्कार्फ नव्हता तो, प्लॅस्टिकची निळी पिशवी होती. पण ते कळेपर्यंत मी जे काही कबूल केलं, देवाला आणि कोणाकोणाला, ते नितेशलाही सांगितलेलं नाही. तुला सांगतेय, कारण ते पाणी अजून डोळ्यांसमोरून जात नाही. म्हणून तर झाकणं उघडत बसते.

उठताना पलीकडे करवंदीच्या जाळीमागे मला एक वर्तुळ दिसलं. शुभंकरच्या पोरांचं नव्हे, त्यांचं अंडाकृती असतं. हे गोल, नीट बसवलेलं, प्रत्येक दगडाची सपाट बाजू खाली. दगडांवर शेवाळ चढलेलं. मधली जागा रिकामी, आणि तिथल्या कातळावर हाताच्या मुठीएवढा कोरडा डाग. असं वर्तुळ आपल्या पथकात एकच माणूस मांडतो. मध्ये काय होतं तेही मला कळलं. तुझा काळा दगड. कुठल्याशा परदेशी बंदरावरून आणलेला, लोण्यासारखा गुळगुळीत. तो ज्याला सापडेल त्याने उचलून तुझ्या हातात आणून द्यायचा, आणि तू खिशातून खजूर काढून द्यायचास. सगळ्या पोरांना पाठ असलेला खेळ.

मग मला धावायची गरज उरली नाही, तरी मी धावतच तुमच्या वाडीत उतरले. खळ्यात सहा जोडी बूट ओळीने लावलेले. आत सहाही जणी अक्षयाने केलेली घावनं खात होत्या आणि आप्पा त्यांना तुझ्या लहानपणीचा बावळटपणा तपशीलवार सांगत होते. मला बघून म्हणाले, ये गो बाये, धापा टाकतेस ती, मागे वाघ लागला की काय. अक्षया मला सतरा वेळा फोन करून दमली होती. पोरी दारात येऊन तिला म्हणाल्या होत्या, काका आलेत ना, त्यांना बोलवा. सानवीच्या मुठीत तो दगड. काका जहाजावर आहेत, नोव्हेंबरशिवाय येत नाहीत, असं अक्षयाने सांगितलं तरी सानवी तिच्या मागे ओटीपर्यंत डोकावली म्हणे. खोटं वाटलं तिला. तू घरी नसताना ती खूण तिथे असेल, हे तिला पटेना.

पोरी टेम्पोकडे गेल्यावर अक्षयाने मला चुलीपाशी बसवलं. तिने सांगितलं ते तिला आधीच सांगता आलं असतं, पण तू शपथ घातली होतीस. बोटीवर जायच्या आदल्या दिवशी तू मासे आणायला जेटीवर गेलास, तिथे सानवीचे पप्पा भेटले. हातात बांगडे माशांची पिशवी धरून ते अगदी प्रेमाने म्हणाले, ‘तुम्हाला स्वतःचं मूलबाळ नाही, मग लोकांच्या पोरांत एवढा वेळ कसा हो घालवता? लोक बोलतात, म्हणून कानावर घातलं.’ तू पैसे देऊन मासे घेतलेस. घरी येऊन मासे अंगणातल्या मांजरांना घातलेस आणि संध्याकाळी एकटाच सड्यावर जाऊन आलास. अक्षयाला वाटलं, पोरांसाठी काहीतरी मांडायला गेला असशील. आणि आता तू कंपनीला मुदत वाढवून मागितलीयस, हेही तिनेच सांगितलं. घरी येऊन काय करू, असं म्हणालास म्हणे. ते सांगताना ती तवा घासत होती, घासून झालेला.

मला वाटलं होतं, तू आळसाने अंगठे पाठवतोयस.

रविवारी पालकांची सभा झाली. एरवी सभेला चार आया आणि एक आजोबा येतात, या वेळी पंख्याखाली जागा मिळेना. पोरी सड्यावरून गायब झाल्या, म्हणजे आमच्या पोरांचं काय, असं ज्यांची पोरं टेम्पोत पाणीपुरीवर बोलत सुखरूप बसली होती तेही विचारत होते. मी उभं राहून सांगितलं, खेळ संपला की खूण पुसायची हा पथकाचा नियम आहे, जुनी खूण पुसलेली नव्हती, पथकाची कॅप्टन मी आहे, तेव्हा चूक माझी. तुझं नाव घेतलं नाही. माझी जीभ किती लांब आहे हे जिल्ह्याला माहीत आहे, पण त्या दिवशी ती मी दाताखाली धरून बसले. जेटीवरची गोष्ट तिथे काढली असती, तर सभेनंतर प्रत्येक जण ती पुढे दुसऱ्याला सांगत बसला असता, अर्थात सहानुभूतीने.

सानवीचे पप्पा पहिल्याच खुर्चीत होते. त्यांनी लेकीला सगळ्यांसमोर उभं केलं. कोणाला न विचारता निघालात कशा, कोणाच्या घरी जातोय याचा तरी विचार केलात का, असं बरंच काही. पोरगी हात मागे घेऊन उभी, आपण सावधान शिकवतो तशी. म्हणाली, ‘दर्शनकाका खोटी खूण मांडत नाहीत.’ एवढंच. मग त्यांच्याकडे बघून म्हणाली, सहाही जणी बरोबर होतो, कोणाला मागे ठेवलं नाही, रस्ता ओलांडताना हात धरले, घरात मोठं माणूस आहे की नाही ते बघूनच आत गेलो. तूच शिकवलेली वाक्यं, तुझ्याच क्रमाने. त्यांनी स्वतःच्या बुटांकडे बघितलं आणि मग कोणाचं तरी लक्ष दिवाळीच्या शिबिराकडे गेलं.

ठरलं ते असं. दिवाळीच्या सुट्टीत अंजनवेलला गोपाळगडाच्या पायथ्याशी जे शिबिर आहे, त्याला दुसरं मोठं माणूस असेल, खरंखुरं, सावलीत बसणारं नव्हे, तरच मुलं पाठवणार. नाहीतर पथक बंद. मी विचारलं, येतंय कोण? सगळ्यांना पुन्हा फवारणी आठवली.

सभा पांगल्यावर मी सानवीला बाजूला घेऊन विचारलं, दगडांवर शेवाळ होतं, ते दिसलं नाही का गो तुला? म्हणाली, दिसलं. मग? चपलेने माती उकरत राहिली. म्हणाली, वाटलं, बघून तरी येऊ.

दोन दिवसांनी तिचे पप्पा दुकानात आले. आधार कार्डाची एक प्रत काढून मागितली. काढली. मग म्हणाले, आणखी एक. त्यांच्या आधार कार्डाची एवढी गरज या शहरात कोणाला आहे, देव जाणे. मशीनकडे बघत त्यांनी विचारलं, ते कधी येतायत? मी म्हटलं, कोण ते? हे मी मुद्दाम केलं, तेवढं सुख मला हवं होतं. म्हणाले, दर्शनराव. तो दगड पोरगी कोणाला हात लावू देत नाही, टीव्हीशेजारी ठेवलाय, जेवताना समोर दिसतो. मी म्हटलं, कधी येणार ते तुम्हीच विचारा, तुमच्या बोलण्याचा त्यांच्यावर फार परिणाम होतो. त्यांनी मान हलवली आणि दोन्ही प्रती घेऊन गेले. मूळ कार्ड इथेच राहिलंय, अजून न्यायला आलेले नाहीत.

आता मूळ गोष्ट. मी हे पत्र खुशाली कळवायला लिहिलेलं नाही, हे तुला पहिल्या ओळीला कळलं असेल. काल पुन्हा सड्यावर गेले होते, वर्तुळ पुसायला. पहिला दगड उचलला आणि परत ठेवला. ज्याने खूण मांडली त्यानेच ती पुसायची, हा नियम तूच केलास आणि त्यावरून तू मला पोरांसमोर ऐकवलंयस, ते मी विसरलेले नाही. काळा दगड तुला स्वरूपबरोबर पाठवावा म्हणून सानवीकडे मागितला. तिने दिला नाही. तो काकांच्या हातात द्यायचा असतो म्हणाली. तेव्हा तो त्या माणसाच्या घरात, त्याच्या ताटासमोर, तुझी वाट बघत बसलाय, आणि मी त्यात पडणार नाही. मी एवढंच सांगते. तू मांडलंस, मी घरी गेलो. सहा पोरींनी ते वाचलं, खरं मानलं आणि तुझ्या दाराशी येऊन उभ्या राहिल्या. तू घरी नव्हतास. तुझी आजवरची एकच खोटी खूण आहे ती, आणि सानवीला अजून ती खोटी वाटत नाही. वाढवून मागितलेली मुदत रद्द कर. ती खूण खरी करायला घरी ये.

तुझीच,
सध्या एकटीच मोठं माणूस असलेली,
मृणाली