घेवड्यावरचे पडदे

शेफील्ड, १९ मे

प्रिय डेरेक,

बाबा बरे आहेत. जेवतात, माझ्या चहाला नावं ठेवतात. खिडकीतली टोमॅटोची रोपं इतकी माजलीत की घरात उजेड येत नाही.

काळजी एकच आहे. मे सरल्याशिवाय घेवडा बाहेर लावायचा नाही, हे बाबांनीच सगळ्यांना शिकवलं. आणि त्यांनीच पालिकेकडून भाड्याने घेतलेल्या जमिनीच्या तुकड्यात दोन ओळी लावून टाकल्या. पहाटे अजून गवतावर बर्फ धरतो, कोवळी रोपं त्याने करपून जातात. मी टोकलं तर म्हणाले, "अगं, जून लागलाय."

शेजारच्या तुकड्यातले सिरिलकाका रोज संध्याकाळी, बाबा घराकडे वळले की, रोपांवर जुने पडदे पांघरतात आणि सकाळी बाबा यायच्या आत काढून नेतात. मला म्हणाले, "म्हाताऱ्याला कळू देऊ नकोस हं."

तुझी पाठ कशी आहे? मुलं भाजी खातात की ताटात लपवतात?

काल निघताना बाबा रोपांपाशी थांबले. टोपी नीट केली आणि हळूच म्हणाले, "सिरिलला सांग, शेवटच्या रोपाला पडदा पुरत नाही."

रागावू नकोस, पण मी जूनपर्यंत इथेच राहते. खऱ्या जूनपर्यंत.

मुलांना जवळ घे.

तुझीच,
मॉरीन