राणीच्या पायाला शॉक वेव्ह

१० फेब्रुवारी, कारंजा
क्लिनिकला नवी दिशा मिळाली. टाचदुखीसाठी घेतलेलं शॉक वेव्ह मशीन पेशंटअभावी झाकून पडलं होतं. कामरगावचे गफ्फारभाई वरातीला घोडी देतात. त्यांची राणी लंगडते, पुढच्या पायाची नस सुजली आहे. परदेशात रेसच्या घोड्यांना हीच थेरपी देतात. मी माणसांचा फिजिओथेरपिस्ट, पण नस ती नस.

१२ फेब्रुवारी
राणीच्या पायावरचे केस भादरले, जेल लावलं, मशीन सुरू केलं. टकटक आवाज होताच राणीनं माझा अ‍ॅप्रन फाडला. हळूहळू विश्वास बसतोय तिचा.

१३ फेब्रुवारी, सकाळ
राणी सरळ चालली. गफ्फारभाईंच्या डोळ्यांत पाणी. म्हणे, अनुपभाऊ, राणी मले पोरीवानी हाय. मी लगेच क्लिनिकसाठी 'अश्व विभाग' असा बोर्ड बनवायला दिला.

संध्याकाळ
जनावरांच्या डॉक्टर पौर्णिमा मॅडमचा फोन. म्हणे, पाय बरा नाही झालेला, दुखणं फक्त बधिर झालंय. दोन-चार दिवस तिला कळणारच नाही, म्हणून तिला चालवू नका. रेसवालेही या दिवसांत घोडा पळवत नाहीत.
प्रोफेशनल जेलसी. इतक्या लवकर सुरू होईल असं वाटलं नव्हतं.

१५ फेब्रुवारी
गफ्फारभाई विचारत होते, उद्या गावातच वरात हाय, नेऊ काय? तुमी म्हनान तसं करतो. मॅडमचं सांगणारच होतो, पण तेवढ्यात बोर्ड आला. न्या म्हणालो. प्रचाराला व्हिडिओही होईल.

१६ फेब्रुवारी
डीजेपुढे राणी दोन पायांवर उभी राहिली. नवरदेव खूश. मी शूटिंग करत होतो. पुढचे पाय टेकले आणि त्यातला एक दुमडला.
व्हिडिओ पाहिलेला नाही.

१७ फेब्रुवारी
नस तुटली. मॅडम म्हणाल्या, राणी आता वरातीला कधीच जाणार नाही. मशीनचा दोष नाही, डीजे फार मोठा होता. संकल्प: पुढच्या केसला सूचना लेखी द्यायच्या. विशेष काही वाटत नाहीये. दोन पोळ्या खाल्ल्या.

१९ फेब्रुवारी
फॉलो-अप म्हणून मशीन गाडीत घालून कामरगावला गेलो. शिव्या ऐकायची तयारी होती. गफ्फारभाईंनी चहा दिला. राणी तीन पायांवर उभी, घामेजलेली. ते म्हणाले, तिले बसता येत नाई, उभं राह्यवत नाई. तुमच्या मशीननं दोन-चार दिवस दुखत नाई ना? मंग तेवढं एकडाव मारून द्या, अनुपभाऊ. बरी नाई झाली तरी चालते.
आणतो म्हणून उठलो. गाडीत बसलो आणि सरळ घरी आलो.